हरणाच्या केसांची तरंगती माशी

पिसे, केस आणि धागा गळावर बांधून तयार केलेले कृत्रिम आमिष म्हणजे फ्लाय, अर्थात माशी. पोलादी गळ स्वभावतः बुडणारा. तरीही काही माश्या खळाळत्या प्रवाहावर तरंगत राहतात. त्यांचे शरीर हरणाच्या केसांचे असते. हे केस गळाच्या दांड्याभोवती फिरवून बसवण्याच्या पद्धतीला स्पिनिंग म्हणतात.

केसांची रचना

हरणाचा केस नळीसारखा पोकळ असतो, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक त्याच्या आत हवेने भरलेल्या सूक्ष्म पेशींची जाळी असते. ही हवा थंडीत प्राण्याची ऊब राखते आणि गळावर माशीला तरंगवते. धाग्याच्या दाबाखाली याच पेशी चेपतात व केसांची टोके ताठ फाकतात. म्हणूनच पुठ्ठ्यावरचे किंवा पोटाचे जाड हिवाळी केस या कामास योग्य ठरतात. शेपटीचे लांब केस कमी फाकतात.

कृती

गळ व्हाइसमध्ये पक्का धरून दांडा उघडाच ठेवतात. त्यावर धाग्याचा थर असल्यास केस नीट फिरत नाहीत. पेन्सिलीच्या जाडीचा झुबका कातड्यालगत कापून बुंध्याजवळची मऊ लव फणीने काढतात. ती राहिल्यास केस एकमेकांत अडकतात. झुबक्याभोवती दोन सैल वेढे देऊन धागा हळूहळू आवळतात आणि त्याच वेळी बोटांची पकड सोडतात. केस फाकत फाकत दांड्याभोवती फिरतात. धागा पुढे आणून केस मागे दाबतात आणि पुढचा झुबका लावतात. धागा मजबूत हवा. ताण कमी पडला तर शरीर सैल होते. नेढ्यापाशी गाठ मारून कात्री व ब्लेडने आकार देतात. खालची बाजू जवळून कापावी, अन्यथा गळाचे टोक झाकले जाऊन मासा सुटतो.

प्रसिद्ध नमुने

डॉन गेपन यांनी कॅनडातील नायपिगॉन नदीवर बांधलेल्या मडलर मिनोचे डोके याच केसांचे आहे. इंग्लंडमधील जॉन गोडार्ड व क्लिफ हेन्री यांचा गोडार्ड कॅडिस ट्राउटसाठी, तर कॅनडातील मिरामिची नदीवरचा बॉम्बर सामनसाठी ओळखला जातो.

कायद्याची मर्यादा

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची परवान्याने शिकार होते व त्याचे केस दुकानांत उघडपणे मिळतात. भारतातील स्थिती वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार चितळ व सांबर संरक्षित असून त्यांची शिकार आणि अवयवांचा व्यापार गुन्हा ठरतो. महाशीरच्या ओढीने मायदेशी जाणाऱ्याने तेथे असे केस मिळवण्याचा विचारही करू नये. परदेशात बांधलेल्या माश्या सोबत नेण्यापूर्वीही सीमाशुल्क व वन्यजीवविषयक नियम तपासावेत.