घरातील घट आणि गडावरील देवी : गणेशपुरी-वज्रेश्वरी परिसरातील घरगुती नवरात्राचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना, नऊ दिवस अखंड नंदादीप, दररोज एक माळ, सप्तशतीचा पाठ किंवा आरती, कुळाच्या रीतीप्रमाणे उपवास आणि दशमीस उत्थापन, असा शारदीय नवरात्राचा कुळाचार महाराष्ट्रातील असंख्य घरांत पाळला जातो. इतका व्यापक आचार असूनही इतिहासलेखनात त्याला मिळालेले स्थान अत्यल्प आहे. देवीविषयक ऐतिहासिक लेखन प्रामुख्याने मंदिरांभोवती फिरते. मंदिर कोणी बांधले, इनाम कोणी दिले, जीर्णोद्धार केव्हा झाला, हे प्रश्न त्यात महत्त्वाचे ठरतात. त्यांची उत्तरे देणारी सनदा, शिलालेख, दफ्तरे अशी साधने उपलब्ध असतात, हे त्याचे सरळ कारण होय. घरात बसणाऱ्या घटाची मात्र कोणतीही सनद नसते.

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी-वज्रेश्वरी परिसर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. राजकीय नवसाशी जोडले गेलेले देवीचे मंदिर येथे आहे आणि त्याच्या सावलीत घरोघरी नवरात्र बसविणारी वस्तीही आहे. या परिसरातील देवी-उपासनेचे सातत्य मंदिराइतकेच, किंबहुना काही काळ मंदिरापेक्षाही अधिक, घराने सांभाळले असावे, या शक्यतेचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासक्षेत्राचा परिचय

तानसा नदीच्या खोऱ्यात, मंदाकिनी डोंगराच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे वसली आहेत. येथील उष्ण पाण्याच्या कुंडांमुळे हा भाग पूर्वीपासून प्रसिद्ध होता. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे जिल्हा खंडात ‘वज्राबाई’च्या कुंडांची नोंद आहे. वज्रेश्वरीचे मंदिर ज्या वडवली गावी आहे, ते गाव पुढे देवीच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

गणेशपुरीचा विस्तार मात्र अलीकडचा आहे. भीमेश्वराचे स्थान व कुंडे येथे आधीपासून होती. परंतु १९३० च्या दशकात नित्यानंद स्वामींचे येथे वास्तव्य सुरू झाल्यानंतर वस्तीस वेग आला. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वी १९५६ मध्ये स्वामी मुक्तानंदांचा आश्रम येथे स्थापन झाला होता. त्यामुळे आगरी, कुणबी, कोळी, वारली, कातकरी अशा मूळ वस्तीत मुंबई, गुजरात व कर्नाटकातून आलेल्या भाविकांची भर पडली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर वसई त्या जिल्ह्यात गेली आणि वज्रेश्वरी-गणेशपुरी ठाणे जिल्ह्यात राहिली. या स्थळांचा इतिहास मात्र वसईपासून वेगळा काढता येत नाही.

१७३९ चा नवस आणि वज्रेश्वरीचे मंदिर

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई व तिचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. तेथपासून सुमारे दोनशे वर्षे उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर पोर्तुगीज सत्ता होती. वज्रेश्वरीचे मूळ स्थान उत्तरेकडील गुंज येथे होते व पोर्तुगीज काळात ते उद्ध्वस्त झाल्याने देवी वडवलीस आली, असे स्थानिक परंपरा सांगते.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी उत्तर कोकणची मोहीम उघडली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसईचा किल्ला हस्तगत केला. या मोहिमेच्या काळात अप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला आणि देवीने स्वप्नात येऊन विजयाचा मार्ग दाखविला, अशी आख्यायिका आहे. विजयानंतर वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकरवी मंदिर उभारले गेले. उंचवट्यावरील गडासारखे दगडी तटबंदीचे हे मंदिर, त्याच्या पायऱ्या आणि बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेला म्हणून सांगितला जाणारा नगारखाना पाहता ही वास्तू विजयस्मारकच वाटते.

येथे दोन बाबी वेगळ्या करणे आवश्यक आहे. वसईचा तट सुरुंगांनी फुटला आणि त्यासाठी मराठी सैन्याने मोठी प्राणहानी सोसली, ही लष्करी इतिहासाची बाब होय. नवसाची कथा ही श्रद्धेच्या इतिहासाची बाब आहे. तिच्यामुळे किल्ला कसा पडला हे समजत नाही. विजयाचे श्रेय कोणत्या देवतेच्या चरणी ठेवणे राज्यकर्त्यांना उचित वाटले, हे मात्र समजते. नवस फेडण्यासाठी निवडलेली देवता त्या मुलखात आधीपासून पूज्य असली पाहिजे. मग मूळ मंदिर नष्ट झाल्यापासून नवे उभे राहीपर्यंतच्या काळात ती कोठे पूजली जात होती, हा प्रश्न उरतो.

बंदीचा काळ आणि घर

या प्रश्नाचे थेट उत्तर देणारे साधन हाती नसले, तरी गोव्यातील पुराव्यांवरून काही अनुमान करता येते. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, स्थापन झाले. पुढील काळात उघड हिंदू धर्मविधींवर निर्बंध आले. या विषयाचा साधार वेध अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात घेतला आहे. त्यात आलेला १७३६ चा जाहीरनामा विशेष बोलका आहे. धर्मांतरितांच्या घरांत टिकून राहिलेल्या जुन्या चालीरीतींची दीर्घ यादी देऊन त्यांवर बंदी घालणाऱ्या या जाहीरनाम्यात एकादशीचा उपवास आणि अंगणातील तुळस यांचाही समावेश आहे.

मंदिरे पाडून दोन शतके होत आली तरी सत्तेला घरातील उपवासाची दखल घ्यावी लागली, हे यावरून स्पष्ट होते. निषेधासाठी केलेली ही नोंद इतिहासकाराच्या दृष्टीने त्या आचाराच्या अस्तित्वाचाच पुरावा ठरते. अर्थात गोव्यातील स्थिती जशीच्या तशी तानसा खोऱ्यास लावणे योग्य नव्हे. हे खोरे पोर्तुगीज मुलखाच्या सीमाभागात, किनाऱ्यापासून आत होते आणि तेथील सत्तेची पकड गोव्याइतकी घट्ट असण्याचा संभव कमी आहे. तरीही एक तुलना उपयुक्त ठरते. मंदिराला जागा, मूर्ती, पुजारी आणि उत्पन्न लागते. घटाला पत्रावळीवरील किंवा परडीतील माती, मूठभर धान्य, एक कलश आणि एक दिवा पुरतो. दहाव्या दिवशी त्याचे विसर्जन होते आणि पाडण्यासारखे काही मागे राहत नाही. नवरात्राचा घरगुती आचार संकटकाळात तगून राहण्यास हे स्वरूप अनुकूल होते. त्याच स्वरूपामुळे त्याचा लेखी माग राहिला नाही, हेही तितकेच खरे आहे.

घटाचा अर्थ आणि कोकणातील ऋतू

घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरून त्याचे अंकुर वाढविणे, हा या आचाराचा गाभा आहे. दसऱ्याला हे अंकुर देवाला वाहून पुरुष टोपीत व स्त्रिया केसांत खोवतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात पूर्णकुंभ हे मातृदेवतेच्या गर्भाशयाचे प्रतीक असल्याचे विवेचन केले आहे. गुजराती घरांत नवरात्रात मांडला जाणारा सच्छिद्र, आत दिवा असलेला ‘गरबो’ याच कल्पनेच्या कुळातील आहे. गणेशपुरीसारख्या संमिश्र वस्तीच्या गावात घट आणि गरबो शेजारी असणे हा म्हणूनच केवळ योगायोग मानता येत नाही.

घटातील पेरणी ही बियाण्याच्या उगवणशक्तीची परीक्षा होय, असा खुलासा अनेकदा केला जातो. देशावर आश्विनानंतर रब्बीची पेरणी होत असल्याने तेथे तो सुसंगत ठरतो. ठाणे जिल्ह्याचे मुख्य पीक भात आहे व त्याची पेरणी ज्येष्ठात होते. आश्विनात हळवे भात कापणीस येते. त्यामुळे हा खुलासा येथे भातास लागू पडत नाही. भात निघाल्यावर जमिनीतील उरलेल्या ओलीवर वालासारखी कडधान्ये घेण्याची रीत मात्र या भागात आहे आणि त्यांच्यापुरता हा संबंध जोडता येतो. घटाचा विधी देशावरून घाट उतरून आला असावा किंवा भातशेतीच्या प्रदेशात त्याला कापणीच्या कृतज्ञतेचा वेगळा अर्थ प्राप्त झाला असावा, अशा दोन्ही शक्यता संभवतात. वारली समाजातील ‘कणसरी’ या धान्यदेवतेचे स्मरणही येथे उचित ठरेल. तिची उपासना स्वतंत्र परंपरेची असून तिला नवरात्राच्या चौकटीत ओढण्याचे कारण नाही. धान्यालाच देवी मानण्याची दृष्टी या प्रदेशात एकाहून अधिक परंपरांनी जपली, इतकेच त्यातून सूचित होते.

शास्त्र आणि कुळाचार

मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात शरद ऋतूतील वार्षिक महापूजेचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात व्रतांचे विस्तृत संकलन केले. घरगुती आचाराच्या दृष्टीने अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे काशीनाथ उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधु’. वसईच्या विजयानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १७९० मध्ये, तो पूर्ण झाला. घटस्थापनेचा काल, अखंड दीप, कुमारिकापूजन, पारणे यांचा निर्णय त्यात दिला आहे.

या ग्रंथांतील सवलती विशेष लक्षणीय आहेत. नऊ दिवस शक्य नसल्यास सात, पाच, तीन किंवा एक दिवस व्रत करावे. पूर्ण उपवास न झेपल्यास नक्त म्हणजे रात्रीचे भोजन किंवा एकभुक्त राहावे. स्वतः करणे अशक्य असल्यास प्रतिनिधीकरवी करवावे, अशी मुभा निबंधकार देतात. देवीपूजेचा अधिकार चारही वर्णांबरोबर वर्णबाह्यांनाही असल्याचे ते मान्य करतात. म्हणजे शास्त्राने येथे एकच कठोर नियम लादलेला नाही. घरोघरच्या विविध रीतींना त्याने जागा करून दिली. फक्त पहिल्या व शेवटच्या दिवशीचा ‘उठता-बसता’ उपवास, धान्य भाजून खाण्याचा ‘धान्यफराळ’, काही घरांतील निव्वळ फलाहार ही विविधता त्याच जागेत वाढली. म्हणूनच ‘आमच्याकडे असेच असते’ हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचे वाक्य कुळाचारात अखेरचा निर्णय ठरते.

उपवासाच्या ताटाचा इतिहास

कुळाचार अनादी असल्याची समजूत उपवासाच्या ताटाकडे पाहिल्यास टिकत नाही. बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. सोळाव्या शतकापासून युरोपीय, प्रामुख्याने पोर्तुगीज, व्यापाराच्या मार्गाने त्या भारतात पोहोचल्या. आज मिळणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. तमिळनाडूतील सेलम परिसरात साबुदाण्याचे उत्पादन १९४० च्या दशकात उभे राहिले. त्यामुळे साबुदाण्याची खिचडी घरोघरी उपवासाचा मुख्य पदार्थ होण्याचा काळ फार मागे नेता येत नाही.

उपवासास वर्ज्य ठरते ते मुख्यतः शेतात नांगरून पिकविलेले नेहमीचे धान्य. नवे कंद व दाणे त्या जुन्या यादीत नव्हते. म्हणूनच त्यांना प्रवेश सुलभ झाला असावा. वरी व राजगिरा यांच्या पंगतीस ते बसले आणि दोन-चार पिढ्यांत परंपरेचे झाले. ज्या सत्तेने एकादशीच्या उपवासावर बंदी घातली, तिच्याच जहाजांतून आलेल्या जिनसा पुढे उपवासाचे अन्न बनल्या. घरगुती आचार नियमाचे तत्त्व कायम ठेवून त्यातील द्रव्य बदलू शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

घरातील श्रम आणि अधिकार

नंदादीप विझू न देणे, सोवळ्यात नैवेद्य करणे, माळा ओवणे, सवाष्ण-कुमारिकांचे भोजन घालणे आणि उपवास न करणाऱ्यांसाठी वेगळा स्वयंपाक रांधणे ही कामे मुख्यतः स्त्रियांकडे असतात. उपवास करणारी आणि इतरांना जेवू घालणारी व्यक्ती बहुधा एकच असते. संकल्प मात्र बहुतांश घरांत यजमान पुरुषाच्या नावे सोडला जातो. स्त्रीशक्तीच्या या उत्सवात विधवांना सवाष्णीच्या मानापासून आणि अनेक घरांत ओटी भरण्यापासून दूर ठेवले गेले, याचीही नोंद करणे प्राप्त आहे. घराने परंपरा टिकविली असे म्हणताना ती कोणाच्या श्रमांवर आणि कोणाला वगळून टिकली, हा प्रश्न टाळल्यास घराचा इतिहासही मंदिराच्या इतिहासाइतकाच एकांगी होईल.

समारोप

वज्रेश्वरीच्या मंदिराचा आरंभ १७३९ च्या नवसाशी जोडता येतो. घरातील घटाचा आरंभ कोणत्याही सनावळीत बसत नाही. तथापि नवसास पात्र ठरलेली देवी त्या मुलखातील लोकांच्या श्रद्धेत आधीपासून जिवंत होती आणि ती श्रद्धा टिकविण्यात घराचा वाटा मोठा असावा, हे वरील विवेचनावरून संभवनीय वाटते. हा आचार स्थिर नव्हता. त्याने ऋतूनुसार अर्थ बदलला, शास्त्राच्या सवलती वापरल्या आणि परदेशी कंद आपलेसे केले. या लवचिकतेतच त्याच्या सातत्याचे कारण शोधावे लागेल.

हे अनुमान तपासण्याची साधने घरांतच आहेत : कुळाचाराच्या हस्तलिखित वह्या, नवरात्राच्या सामानाच्या याद्या, जमाखर्चाच्या नोंदी आणि वृद्ध स्त्रियांची स्मृती. ना. गो. चापेकर यांनी ‘बदलापूर’ या ग्रंथात याच जिल्ह्यातील एका गावाचे लोकजीवन बारकाईने टिपून असे काम शक्य असल्याचे १९३३ मध्येच दाखवून दिले. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने गावोगावच्या कुळाचारांची पद्धतशीर नोंद हाती घेतल्यास त्या कामाला पुढचा टप्पा मिळू शकेल. मंदिराचे दगड आणखी काही शतके अभ्यासकांची वाट पाहू शकतात. ज्यांच्या स्मृतीत घराची रीत साठलेली आहे, त्या पिढीबाबत तसे म्हणता येत नाही.