तटापलीकडचा शत्रु

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला, तो बुरुजाखालीं सुरुंग लावून. तटावरच्या पहारेकऱ्यास समोरच्या तोफा दिसत होत्या. पायाखालीं किती दूरवर पोखरलें गेलें आहे, तें दिसत नव्हतें. मोठ्या आंतड्याचा कर्करोग तपासणाऱ्या वैद्यांपुढें नेमकी हीच अडचण आजवर उभी आहे.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांत डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांनीं कापून काढलेलीं गुदाशयें तपासून १९३२ मध्यें रोगाच्या तीन पायऱ्या ठरविल्या. रोग भिंतीपुरताच असला तर पहिली; भिंत ओलांडली, पण रसग्रंथि निर्दोष असल्या तर दुसरी; ग्रंथींतही शिरला तर तिसरी. पायास जखम झाली म्हणजे जांघेंत जें अवधाण येतें, त्याच जातीच्या या ग्रंथि. पुढें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळास टाटा स्मारक रुग्णालय उघडलें आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. हिंदुस्थानांत विकृतिशास्त्रास प्रतिष्ठा मिळाली, तिचें मोठें श्रेय त्यांचें आहे.

परंतु ‘ग्रंथि निर्दोष’ या दोन शब्दांवर किती भार ठेवावा? निदान बारा ग्रंथि शोधून पाहाव्या, असा आज दंडक आहे; चारपांचच पाहिल्या असतील तर त्या शब्दांस फारशी किंमत नाहीं. शिवाय सूक्ष्मदर्शकाखालीं येतो तो ग्रंथीचा केसाहूनही पातळ काप. न कापलेल्या भागांत मूठभर पेशी दडल्या असल्या तर? दुसऱ्या पायरीचे बहुतेक रोगी शस्त्रक्रियेनेंच बरे होतात. कांहींच्या यकृतांत वा फुप्फुसांत मात्र दोनतीन वर्षांनीं तोच रोग उगवतो. हे कांहीं कोण, हें कळत नाहीं. सर्वांसच जहाल औषधें द्यावीं, तर बहुतेकांस तो त्रास फुकटच.

म्हणून शोध रक्ताकडे वळला. ऑस्ट्रेलियांत टॉमस ॲशवर्थ यांनीं १८६९ मध्येंच एका मृत रोग्याच्या रक्तांत गांठीसारख्या पेशी पाहिल्या होत्या. १९६५ मध्यें माँट्रियलला गोल्ड व फ्रीडमन यांना ‘सीईए’ हा पदार्थ सांपडला. परंतु तो धूम्रपानानेंही वाढतो आणि आरंभींच्या रोगांत पुष्कळदां वाढतच नाहीं. रक्तद्रवांत सुटें डीएनए असतें, हें मँडेल व मेते यांनीं १९४८ मध्येंच दाखविलें होतें. त्यांतून गांठीचें डीएनए निवडून काढण्याची युक्ति साधण्यास मात्र कित्येक दशकें लोटलीं.

तिची कसोटी ऑस्ट्रेलियांतच लागली. दुसऱ्या पायरीच्या ४५५ रोग्यांवरील त्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या व सातव्या आठवड्यांत रक्त पाहून, खूण मिळाली तरच औषध दिलें. नेहमींच्या पद्धतीनें शंभरांत २८ जणांस औषध मिळालें, या पद्धतीनें १५ जणांस. आणि दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचें प्रमाण दोहोंकडे जवळजवळ सारखेंच, शंभरांत ९२–९३, भरलें. खूण न मिळणें म्हणजे रोग नसणें नव्हे. कांहीं गांठी रक्तांत फारच थोडें डीएनए सोडतात. तरी विरारच्या गर्दींतून औषधासाठीं महिनोन्‌महिने परळास खेपा घालणाऱ्या घरास, शंभरांतील ते तेरा जण म्हणजे काय, हें वेगळें सांगावें लागणार नाहीं.