कणसाचं फेस्त आलं कुठून?

गोव्यातल्या साष्टीतल्या राय गावात ५ ऑगस्टला कणसाचं फेस्त असतं. चर्चमध्ये मिस्सा होते, मग पाद्री, गावकर (गावच्या मूळ कुळांतले लोक) आणि सगळा गाव शेताकडे निघतो. भाताच्या कणसांना आशीर्वाद देऊन पाद्री कोयत्याने पहिली कणसं कापतो, आणि ती घरोघर वाटली जातात. घरी गेल्यावर त्यांची जागा घरच्या अल्तारावर, क्रुसाजवळ. रायनंतर गोव्यातल्या इतर गावांची पाळी येते. २१ ऑगस्टला ताळगावात फेस्त असतं. पोर्तुगीज अमदानीत तिथले गावकर कणसं गव्हर्नरला आणि आर्चबिशपला नेऊन देत.

रायच्या चर्चची सायबीण, म्हणजे मरिया माता, बर्फाची आहे. रोममधल्या एस्क्विलीन टेकडीवर ऐन उन्हाळ्यात बर्फ पडलं, ही तिची आख्यायिका, आणि ५ ऑगस्ट हा तिचा दिवस. भर पावसाळ्यातल्या साष्टीत रोमचं बर्फ आणि भाताचं कणीस एकाच दिवशी पुजलं जातं. हा सण दोन कुळांचा आहे, हे इथे डोळ्यांना दिसतं.

दुसरं कूळ शोधायला लांब जावं लागत नाही. कोकणातल्या हिंदू घरांत दसऱ्याला किंवा नवान्न पौर्णिमेला ‘नवं’ बांधतात: भाताची कणसं, आंब्याची पानं, कुरडूची फुलं, सगळं एकत्र करून दाराला. नवं धान्य आधी देवाला दाखवायचं, मग आपण खायचं. साष्टीतले गावकर बाप्तिस्मा घेण्याआधी हेच करत असणार. धर्म बदलला तरी खाजणातलं भात तेच राहिलं आणि शेतीचा कारभार गावकरीकडेच, म्हणजे गावकरांच्या संस्थेकडेच, राहिला.

मग ख्रिस्ती माणसाने हे करावं का? हा प्रश्न मी हलका मानत नाही, कारण गोव्यात त्याची जबर किंमत मोजली गेली आहे. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने ख्रिस्ती घरातली तुळस, धोतर, बाळाच्या सहाव्या रात्रीचं जागरण, एवढंच काय, बिनमिठाचा भात शिजवणंही गुन्हा ठरवलं. प्रत्येक चालीरीतीच्या मुळाशी जुना देव शोधत गेलं की माणसाच्या चुलीपर्यंत पहारा बसतो. मला हा विश्वास वाटत नाही, ही भीती वाटते. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये खुद्द नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता, कारण त्यांना त्यात रोमन सणांचा वास येत होता. १६८१ मध्ये तो कायदा रद्द झाला.

याच्या अगदी उलट सल्ला पोप ग्रेगरी पहिले यांनी ६०१ मध्ये इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रसारकाला दिला होता: मूर्ती काढा, पण देवळं भक्कम असतील तर पाडू नका, लोक बैल कापून सण करत असतील तर करू द्या, आभार मात्र खऱ्या देवाचे मानू द्या. साष्टीतली देवळं वाचली नाहीत, पण सणापुरतं राय गावात हेच घडलेलं दिसतं.

आणि बायबल तरी काय सांगतं? लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणायची आज्ञा आहे, आणि ती आणेपर्यंत नवं धान्य खायला मनाई. नवं बांधणाऱ्या कोकणी आजीला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. पहिल्या कणसाबद्दलची कृतज्ञता कुठल्याही एका देवळाची नाही. जिथे जिथे शेत पिकलं तिथे ती उगवली. म्हणून कणीस अल्तारावर ठेवताना ख्रिस्ती माणसाने अवघडू नये असं मला ठामपणे वाटतं. त्याने पाहायचं ते एवढंच, की आपण आभार कोणाचे मानतो आहोत.

तरीही ज्याचं मन मानत नाही, त्याला ओढून नेऊ नये. मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून करिंथकरांत भांडण झालं तेव्हा पौलाने बाजारातलं मांस विचारपूस न करता खायची मोकळीक दिली, पण ज्याचा विवेक दुखावतो त्याच्यासमोर खाऊ नका असंही बजावलं. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत, आणि दोन्ही पाळावी लागतात.

कणसाचं हे फेस्त गोव्यापुरतं नाही. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत असाच सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ म्हणून होतो. मुंबईतल्या कित्येक गावठाणांभोवती आता शेतच उरलेलं नाही. तरी आशीर्वादासाठी कणसं लागतातच, मग ती बाहेरून आणतात.