जाहिरात लागली की कुणी उठायचं नाही!

स्मरणिकेसाठी "जुनं काहीतरी लिहा" असा कमिटीचा निरोप आला आणि त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये नोटीस लागली : बंद पडलेली वाहने रौप्यमहोत्सवाआधी हलवावीत. दोन्हींचा संबंध कसा आहे, ते शेवटी सांगतो. आधी टीव्हीकडे वळू.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1 जानेवारी 1976 ला. आपल्या अंबाजोगाईत त्या आमच्यासारख्यांपर्यंत पोचल्या त्या रामायणाच्या काळात, म्हणजे 1987 मध्ये. गल्लीत टीव्ही एकच. रविवारी सकाळी त्या घरात बसायला जागा नसायची. एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" परळीला एवढी वीज तयार होते आणि आपल्याकडं नेमकी रविवारीच लाईट कशी जाते, हा तेव्हाही चर्चेचा विषय होता. मालिका सुरू होण्याआधी जाहिरातींची रांग लागायची. आम्ही पोरं तीही सोडत नसू. जाहिरात लागली की कुणी उठायचं नाही, कारण उठलं की जागा गेली!

पांढऱ्या फ्रॉकमध्ये गिरकी घेणारी निरमाची मुलगी कुणाला आठवत नाही? अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये घरी पावडर बनवून ती सायकलवरून विकायला सुरुवात केली. नाव दिलं आपल्या लेकीचं. ही पावडर स्वस्त असल्यामुळं घरोघर पोचली, तेव्हा महागड्या सर्फला उत्तर शोधावं लागलं. ते उत्तर म्हणजे ललिताजी. अलीक पदमसींनी ही ठसकेबाज गृहिणी स्वतःच्या आईवरून घेतली होती. घरात पैसा असूनही त्यांची आई भाजीवाल्याशी घासाघीस करायची म्हणे. ललिताजी झालेल्या कविता चौधरी यांनीच पुढं 'उडान' मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात पोलीस अधिकाऱ्याचं कामही केलं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्या गेल्या, तेव्हा आमची आई म्हणाली, "आपली ललिताजी गेली गं बाई." आई टीव्हीसमोर कधी निवांत बसली नाही, पण दारात उभी राहून जाहिराती ऐकायची. तिचं निम्मं हिंदी तिथलंच.

काही जाहिराती तर आपल्याच माणसांच्या. विको म्हणजे केशव विष्णु पेंढरकरांची परळची कंपनी. त्यांच्या हळदीच्या क्रीमच्या जाहिरातीत 'हे कॉस्मेटिक नव्हे, आयुर्वेदिक आहे' असं बजावून सांगायचे. आम्हाला तो गाण्याचा यमक वाटायचा. पण याच मुद्द्यावर कंपनीचा उत्पादन शुल्क खात्याशी कितीतरी वर्षं कोर्टात वाद चालला आणि सर्वोच्च न्यायालयातही निकाल विकोच्या बाजूनं लागला. लिज्जत पापड 1959 मध्ये गिरगावच्या सात बायकांनी सुरू केला, आणि जाहिरातीतला तो खिदळणारा ससा रामदास पाध्यांचा.

आता मूळ मुद्दा. 1989 मध्ये 'हमारा बजाज' लागली. आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक, रोज सायकलवर सात किलोमीटर जायचे. एरवी ते जाहिरातींना "सगळं थोतांड" म्हणायचे. ही लागली की मात्र गप्प होऊन पाहायचे. सरदारजी, पारशी, म्हातारे, पोरं, सगळे आपापल्या स्कूटरवर. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्येच सुरू झाला होता. आमचा मावसभाऊ आयटीआय करून तिथं लागला. तो आला की अण्णा त्याला स्कूटर कशी बनते ते तपशिलात विचारायचे, किंमत मात्र कधी विचारायचे नाहीत. साठवलेले पैसे ताईच्या लग्नात गेले. पुन्हा साठवले, ते माझ्या फीमध्ये. शेवटी 1994 मध्ये त्यांनी सेकंडहँड चेतक घेतली. आईला मागं बसवून पहिली फेरी योगेश्वरीच्या देवळापर्यंत. किक मारण्याआधी स्कूटर जरा तिरकी करायची त्यांची ढब मला आजही दिसते.

पंचवीस वर्षांपूर्वी या सोसायटीत सामान आलं टेम्पोतून, अण्णा आले चेतकवरून. आता अण्णा नाहीत. बी विंगच्या जिन्याखाली निळ्या ताडपत्रीखाली आहे ती हीच गाडी. नोटीस रास्त आहे, पोरांना सायकली लावायला जागा हवी. मी भंगारवाल्याला बोलावलंही होतं. त्याने ताडपत्री काढली, भाव सांगितला, आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

खरं सांगायचं तर त्या जाहिरातींतलं निम्मंही आमच्या घरी आलं नाही. पण दुसऱ्याच्या घरात मांडी घालून, मांडीला मांडी लावून, ते सगळं आम्ही मिळून पाहिलं. आज प्रत्येक फ्लॅटमध्ये टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे, आणि पाच सेकंदांत जाहिरात 'स्किप' होते.

तेव्हा कमिटीला नम्र विनंती : मला महिनाभराची मुदत द्या. गाडी दुरुस्त करून घेतो. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी ती गेटपाशी उभी करू. ज्याला आई-वडिलांची आठवण येईल, त्यानं खुशाल बसून फोटो काढावा. किक मात्र मी मारणार. आधी जरा तिरकी करावी लागते.