‘जवारी’ कोंबडी : एका विशेषणाचा इतिहास

विशेषण बहुधा वस्तूचा गुण सांगते. परंतु काही विशेषणे गुणापेक्षा इतिहासच अधिक सांगतात. बेळगावच्या खडेबाजारात ऐकू येणारा ‘जवारी कोंबडी’ हा प्रयोग त्यांपैकीच होय. जवारी म्हणजे अस्सल इथली, गावठी. मिरची जवारी, तशी कोंबडीही जवारी.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या काळी दारची कोंबडी ती नुसती कोंबडी होती. तिला ‘गावठी’ म्हणण्याचे प्रयोजन नव्हते. भाषा भेद करी तो वयाचा व अवस्थेचा. अंड्यावर न आलेली ती तलंग. अंडी घालावयाची थांबलेली ती खुडूक. हे दोन्ही शब्द त्या कोशात आहेत. पुढे इटलीतील एका बंदराचे नाव मिरवणारी लेगहॉर्न आली. १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना झाली. ब्रॉयलर व लेयर हे शब्द बाजारात रूढ झाले. आली नवी कोंबडी, आणि विशेषण मात्र चिकटले जुनीला!

हे विशेषण भाषेची शीव मानीत नाही. उत्तर कर्नाटकातील कानडी गृहस्थ ‘जवारी कोळी’ म्हणतो. म्हैसूरकडे तीच ‘नाटी कोळी’ होते. अंड्यासही इकडच्या कानडीत ‘तत्ती’, तर तिकडे ‘मोट्टे’. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या निर्णयाचे शल्य आम्हां मराठी भाषकांच्या मनात आहेच. तथापि बाजारात मराठी गिऱ्हाईक व कानडी विक्रेता एकाच शब्दाने व्यवहार करतात, हेही नमूद केले पाहिजे.

एक शब्द असा मिळाला. दोन मात्र हातचे जात आहेत. लेगहॉर्न सहसा उबवणीस बसत नाही. ते काम यंत्र करते. मग खुडूक म्हणावे कोणास? आम्ही वर्गात ‘तलंग’ शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीने आजीला विचारून तो अचूक सांगितला, आणि न विचारलेले आणखी चार शब्दही आणले. शिक्षकांनी असे शब्द दोन्ही भाषांतील घरांतून आताच टिपून घ्यावेत. कोश शब्द जपतो खरा. पण तो बोलता ठेवतात आज्या.