आठवीतली फ्रेंच: उशीर नव्हे, योग्य वेळ

परकी भाषा शिकायची तर बालवयातच, असा समज मराठी पालकांत पक्का रुजला आहे, आणि पुष्कळ शिक्षकही तो मानतात. आठवी-नववीत फ्रेंचचा श्रीगणेशा करणाऱ्याच्या हाती गुणांखेरीज काही लागत नाही, असे या समजाचे म्हणणे. परिणामी काही शाळा पहिली-दुसरीतच फ्रेंचचे तास लावतात. आठवीत किंवा अकरावीत फ्रेंच घेणाऱ्या मुलाने मात्र ‘स्कोरिंग विषय’ पदरात पाडून घ्यावा, यापलीकडे कोणी अपेक्षा ठेवत नाही. या समजामुळे मुलांचे नुकसान होत आहे, म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

पूर्वपक्ष दुबळा नाही. भाषाशास्त्रज्ञ एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली मांडले की, भाषा आपोआप आत्मसात करण्याची शक्ती वयात येण्याच्या सुमारास ओसरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दोन ते आठ या वयात मुले भाषा फार झपाट्याने शिकतात, असे म्हटले आहे. अनुभवही तेच सांगतो. परप्रांतातून पुण्यात आलेल्या कुटुंबातले चार वर्षांचे पोर वर्षभरात सोसायटीतल्या मुलांशी मराठीत भांडू लागते आणि आई-वडील अजून ‘किती झाले?’पाशीच अडखळत असतात.

पण हा सारा पुरावा चोवीस तास भाषेच्या सहवासात राहणाऱ्या मुलाचा आहे. शाळेच्या वर्गाला तो लागू पडतो का? आठवड्याला चाळीस मिनिटांच्या तीन तासिका आणि वर्षात पस्तीस कामाचे आठवडे धरले, तर फ्रेंच कानावर पडते ती वर्षाकाठी सत्तर तास. दिवसाचे दहा तास जागे असणाऱ्या बालकाच्या कानावर मातृभाषा एका आठवड्यात तेवढी पडते. नकळत शिकण्याची बालशक्ती खरी आहे, पण तिला हजारो तासांचे खाद्य लागते. वर्गात ते मिळत नाही. म्हणून एका परिस्थितीचा पुरावा दुसरीला जोडणे हा या समजातला मूळ हेत्वाभास आहे.

प्रत्यक्ष पाहणीतून काय दिसते? इंग्लंड-वेल्समध्ये १९६४ पासून आठव्या वर्षी फ्रेंच सुरू करण्याचा मोठा प्रयोग झाला. क्लेअर बर्स्टल यांच्या १९७४ च्या अहवालात त्याचा निष्कर्ष आला: अकराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांनी पुढे ही मुले गाठली, आणि आधी सुरू केल्याचा लाभ ऐकून समजण्यापुरताच उरला. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि सहकाऱ्यांनी शालेय इंग्रजीचा अभ्यास केला. तिथेही तासांची संख्या सारखी ठेवल्यावर उशिरा सुरू करणारी मुले पुढे निघाली. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांवरचे स्नो आणि हुफ्नागेल-होले यांचे १९७८ चे संशोधन तर याहून बोलके आहे. डच भाषेच्या सहवासातही सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुले. तीन ते पाच वर्षांची सर्वांत मागे होती.

असे का होते, हे मराठी वर्गातच पाहता येते. फ्रेंच भूतकाळात अनेक गमनवाचक क्रियापदांचे रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजी भाषक मुलाला ही कल्पनाच नवी असते. मराठी मूल मात्र जन्मभर ‘तो आला, ती आली’ म्हणत आले आहे. पुढचा नियम अधिक अवघड मानला जातो. ‘ल रोमाँ क झे एक्री’ म्हणजे मी लिहिलेली कादंबरी, पण ‘ला लेत्र क झे एक्रीत’ म्हणजे मी लिहिलेले पत्र. फ्रेंचमध्ये कादंबरी पुल्लिंगी आणि पत्र स्त्रीलिंगी, म्हणून कर्माप्रमाणे शेवटचा ‘त’ उच्चारात येतो. मराठीच्या तासाला ज्याने कर्मणी प्रयोग शिकला आहे, ‘मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली’ यातला फरक ज्याला नाव घेऊन सांगता येतो, त्याला हा नियम एका तासात कळतो. फ्रेंचमध्ये कर्म आधी आले तरच हा बदल होतो, एवढे वेगळेपण सांगावे लागते. सात वर्षांच्या मुलाला यातले काही सांगता येत नाही. व्याकरणाची जाण, लिपीवरची पकड आणि दोन-तीन भाषांची शिदोरी तेराव्या-चौदाव्या वर्षी हाताशी असते.

उच्चारांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. जन्मजात फ्रेंच भाषकासारखा स्वर लहानपणी सुरुवात करणाऱ्यालाच अधिक साधतो, हे मान्य करायला हवे. पण मराठी मुलाचे दंत्य ‘त’ आणि ‘द’ फ्रेंचला जवळचे आहेत, आणि अल्पप्राण ‘क’, ‘प’ त्याला वेगळे शिकावे लागत नाहीत. ‘ई’ म्हणताना ओठ ‘ऊ’सारखे गोल कर, असे सांगितले की फ्रेंचमधला अनोळखी स्वर तो सरावाने काढतो.

या वयात सुरुवात करून कुठवर जाता येते, याचे एक जुने उदाहरण बंगाली कवयित्री तोरू दत्त यांचे. त्या १८६९ साली, तेराव्या वर्षी, कुटुंबाबरोबर युरोपात गेल्या आणि नीस इथल्या शाळेत फ्रेंच शिकल्या. १८७६ साली त्यांनी फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचे पुस्तक काढले. एकविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिलेली कादंबरी १८७९ साली पॅरिसमध्ये छापली गेली. त्यांची प्रतिभा आणि परिस्थिती दोन्ही असामान्य होत्या, म्हणून हे उदाहरण नियम सिद्ध करत नाही. तेराव्या वर्षी दार बंद होते, हे मात्र ते खोडून काढते.

मग दहावीत नव्वद गुण मिळवलेल्या मुलाला फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख का करून देता येत नाही? कारण त्याची परीक्षा बहुतांशी कागदावर होते. उतारा, भाषांतर आणि रिकाम्या जागा यांवर गुण मिळतात, म्हणून वर्गही तेच घोकतो. उलट ‘देल्फ’ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी पंचवीस गुण असतात, आणि एकाही भागात पाचपेक्षा कमी मिळाले तर उमेदवार नापास होतो. म्हणजे दोष वयाचा नाही. तास अपुरे आहेत आणि परीक्षा एकांगी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही फ्रेंच, जर्मन, जपानी या भाषांची जागा माध्यमिक स्तरावर ठेवली आहे, ती योग्यच आहे. शाळांनी पहिलीतला फ्रेंचचा तास मराठी वाचनाला द्यावा आणि आठवीपासून फ्रेंचच्या तासिका वाढवाव्यात. निम्मे गुण कानाला आणि जिभेला ठेवावेत. पालकांनी गुणपत्रिका पाहण्याआधी मुलाला दोन मिनिटे फ्रेंच बोलायला सांगावे. चौदाव्या वर्षी सुरुवात करणारा मुलगा किंवा मुलगी मागे पडलेली नाही. वर्गात भाषा शिकण्यासाठी हेच वय सर्वांत अनुकूल आहे.