‘क्वेस्ट’चा पैसा कुणाचा?

१९५५ साली मुंबईतून ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघालं. पहिले संपादक कवी निसीम इझिकेल. ते काढणाऱ्या संस्थेच्या उभारणीत मिनू मसानी, मानद अध्यक्ष जयप्रकाश नारायण. ही ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ची भारतीय शाखा, विचारस्वातंत्र्य आणि हुकूमशाहीला विरोध हा तिचा बाणा. १९६६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आणि १९६७ साली ‘रॅम्पार्ट्‌स’ने उघड केलं, की पॅरिसच्या मुख्य संस्थेला सीआयएचा पैसा येत होता. तो फारफील्ड फाउंडेशनसारख्या संस्थांमधून फिरवला जाई.

‘मजकूर तर चांगला होता ना?’ असं यावर म्हटलं जातं. होता. मी भिवंडीजवळच्या शेलारचा. आमच्याकडच्या मागांवरचं कोरं कापड बाहेर जाऊन रंगतं आणि दुसऱ्याच नावाने विकलं जातं. त्यात घेणाऱ्याचं काही बिघडत नाही. मताचं तसं नसतं. कोण बोलतंय, कुणाच्या जोरावर बोलतंय, यावर आपण ते तोलतो. ते लपवलं, की चांगल्या लेखकाची पतसुद्धा दुसऱ्याच्या कामाला जुंपली जाते, कधीकधी त्याच्या नकळत.

अमेरिकेत १९६७ साली कॅट्झेनबाख समितीने शिफारस केली, की सरकारी खात्यांनी शैक्षणिक आणि स्वयंसेवी संस्थांना गुप्तपणे पैसा देऊ नये. अध्यक्ष जॉन्सन यांनी ती स्वीकारली. भारतात १९७६ साली परकीय देणगी नियमन कायदा आला. त्याने वृत्तपत्रांचे संपादक, स्तंभलेखक, अगदी व्यंगचित्रकारांनाही परदेशी पैसा घ्यायला मनाई केली. पण साल पाहा: आणीबाणी. बाहेरच्या पैशाला दार बंद करणारं सरकार घरातल्या वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसवून होतं. ‘क्वेस्ट’ही त्याच काळात थांबलं.

घरच्या सरकारचं काय? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. पण जाहिरात निदान जाहिरात म्हणून दिसते. बातमी, लेख किंवा व्हिडिओच्या वेषात येणारा सरकारी प्रचार हा खरा प्रश्न आहे.

कायदेमंडळाने बंदी घालावी, पण बोलण्यावर नव्हे, लपवण्यावर. सरकारने आपली बाजू जरूर मांडावी, खाली स्वतःचं नाव लिहून. नाव न लिहिता दिलेला प्रत्येक रुपया बेकायदा ठरावा, मग तो वॉशिंग्टनचा असो, दिल्लीचा की मुंबईचा. अंदाजपत्रक मंजूर करणारं सभागृह एवढं नक्की विचारू शकतं.